रिप्लाय-टू सेट केलंय, तरी उत्तरं जुन्याच आयडीवर? काय तपासायचं ते सांगतो

हाउसिंग सोसायटी, छोटं ऑफिस, शाळेची पालक समिती, गणेश मंडळ, जिथे जिथे मेल एक जण पाठवतो आणि उत्तरं दुसऱ्याने बघायची असतात तिथे हे दुखणं हमखास असतं. मेल जातो सेक्रेटरींच्या स्वतःच्या जीमेलवरून, उत्तरं यायला हवीत ऑफिसच्या आयडीवर जिथे मॅनेजर बसून बघतो, आणि येतात सेक्रेटरींच्या फोनवर जिथे आधीच बँकांच्या आणि शॉपिंगच्या मेलचा ढीग न वाचता पडलाय. मग कोणीतरी जाणकार पोरगा येऊन सेटिंगमधे रिप्लाय-टू, म्हणजे उत्तरं कुठल्या पत्त्यावर यावीत ते, घालून देतो, थोडे दिवस बरं चालतं, आणि मग एक दिवस लिफ्टच्या एएमसीवाल्याला, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कंत्राटदाराला, फोन केला की तो म्हणतो, "साहेब मी तर परवाच रिप्लाय दिलाय, तुम्ही बघितला नाही का." सेटिंग उघडून बघावं तर ते जागच्या जागी, कोणी हात लावलेला नाही. तरी उत्तर भलतीकडेच गेलं.

हे परत परत होतं कारण बहुतेक लोक रिप्लाय-टू म्हणजे फॉरवर्डिंग समजतात, म्हणजे एकदा लावलं की माझ्याकडे येणारं सगळं तिकडे वळणार. तसं ते अजिबात नाहीये. उत्तर कुठे जाणार हे तुमच्या इनबॉक्सवर ठरत नाही, समोरच्याकडे जो मेल पोचलाय त्या मेलच्या कपाळावर काय लिहिलंय त्यावर ठरतं. कपाळ म्हणजे हेडर. आणि ते प्रत्येक मेल पाठवताना नव्याने लिहिलं जातं, जो ॲप पाठवतो तो लिहितो, आणि मेल एकदा गेला की त्यातलं काहीही नंतर बदलता येत नाही. एवढं डोक्यात बसलं की खालचं अर्धं तुमचं तुम्हालाच सुचेल.

मेलमधे आपल्या कामाचे पत्ते तीन. एक फ्रॉम, म्हणजे मेल कोणाचा म्हणून दिसतो. दुसरा रिप्लाय-टू, म्हणजे उत्तर इकडे द्या ही विनंती. हो, विनंतीच, नियमातसुद्धा तसंच आहे, पाठवणारा सुचवतो आणि समोरच्याचा मेल प्रोग्रॅम ते पाळतो, बहुतेक वेळा पाळतोच, पण कुठे पाळत नाही ते खाली येईलच. तिसरा रिटर्न-पाथ, जो कोणाला सहसा दिसत नाही, मेल पोचला नाही तर त्याची बोंब या पत्त्यावर येते. रिप्लाय-टू हा काही नवा प्रकार नाही, ईमेलचे नियम सांगणाऱ्या १९८२ च्या आरएफसी ८२२ या दस्तऐवजातही आहे, तेव्हा काही जणांकडे स्वतःचा मेलबॉक्सच नसायचा म्हणून उत्तर दुसऱ्या कोणाच्या पत्त्यावर मागवायची सोय हवी होती. आज मेलबॉक्स ढीगभर आहेत पण गरज तीच.

आधी बघा, मग सेटिंगला हात लावा

लोक थेट सेटिंग उपसायला लागतात, त्याआधी जो मेल चुकला तो बघा. ज्याचं उत्तर भलतीकडे गेलं त्याच माणसाला सांगा की बाबा आमचा मेल उघड आणि कॉम्प्युटरवर जीमेल असेल तर पाठवणाऱ्याच्या नावाखाली "टू मी" लिहिलेलं असतं त्याच्या बाजूला बारीकसा खाली तोंड केलेला बाण आहे तो दाब. एक छोटी पाटी उघडते, त्यात फ्रॉम, टू, तारीख, विषय, मेल्ड-बाय, साइन्ड-बाय असं सगळं एकाखाली एक येतं, आणि मेलवर रिप्लाय-टू लिहिलेलं असेल तर फ्रॉमच्या खालीच त्याची वेगळी ओळ दिसते. ओळ नसेल तर तो मेल रिप्लाय-टू न लागताच निघालाय, म्हणजे गडबड तुमच्या बाजूला आहे. ओळ आहे, आयडी बरोबर आहे आणि तरी उत्तर चुकलं, तर गडबड समोर आहे. त्याच्याकडून त्या पाटीचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर मागवून घ्या, अर्ध्या तासाची फोनाफोनी वाचते.

आणखी खोलात जायचं तर मेलच्या उजव्या कोपऱ्यातले तीन टिंब दाबून "शो ओरिजिनल", तिथे अख्खं हेडर मिळतं, त्यात रिप्लाय-टू शोधायचं. पण रोजच्या कामाला तो बाण पुरतो.

एक महत्त्वाचं. टेस्ट करताना स्वतःलाच मेल पाठवून बघू नका. सगळे तेच करतात आणि मग "चालतच नाही" म्हणून बसतात. स्वतःच पाठवलेल्या मेलला रिप्लाय दिला तर जीमेल असं समजतं की तुम्हाला आधीच्याच माणसाला आणखी काही लिहायचंय, मग ते रिप्लाय-टू बघतच नाही, ज्याला मेल गेला होता त्याचाच पत्ता घालतं. टेस्टला बायकोचा, मुलाचा, मित्राचा, कोणाचाही दुसरा आयडी घ्या, फक्त तो तुमच्या जीमेलला "सेंड मेल ॲज" मधे जोडलेला नको, कारण मग तोही जीमेलच्या लेखी तुमचाच.

जीमेलमधे लावायचं कसं

कॉम्प्युटरवर बसा, फोनवरच्या जीमेल ॲपमधे हे सेटिंग नाहीच, तिथे शोधत बसू नका. वरचं दातेरी चाक, "सी ऑल सेटिंग्ज", मग "अकाउंट्स अँड इम्पोर्ट" हा टॅब, ऑफिसचं गूगल वर्कस्पेस अकाउंट असेल तर नुसतं "अकाउंट्स" लिहिलेलं दिसेल. त्यात "सेंड मेल ॲज" च्या रांगेत तुमचा आयडी आहे, त्याच्यासमोर "एडिट इन्फो". एक छोटी खिडकी उघडते, त्यात नावाखाली बारीक निळ्या अक्षरात "स्पेसिफाय अ डिफरंट रिप्लाय-टू ॲड्रेस" अशी लिंक आहे. ती दाबली की रकाना येतो. आयडी टाका, "सेव्ह चेंजेस". झालं.

आता यातल्या खोचा. पहिली खोच, जीमेल हा आयडी खरा आहे का ते तपासत नाही. फॉरवर्डिंगला किंवा दुसऱ्या आयडीवरून पाठवायला कोड येतो, कन्फर्म करावं लागतं, इथे तसलं काही नाही. मधलं एक अक्षर राहिलं, डॉट कॉमच्या जागी डॉट को झालं, तरी निमूट सेव्ह होतं. आणि मग समोरचा रिप्लाय देतो, तो कुठेच पोचत नाही, आणि पोचला नाही ही सूचना जाते त्यालाच, तुम्हाला नाही, कारण पाठवणारा तो. तुम्ही बिनधास्त असता की कोणाचं काही म्हणणं नाही. एजीएमची, म्हणजे वार्षिक सभेची, नोटीस पाठवली, १४ पूर्ण दिवस आधी, सगळं कायद्यात बसवून, आणि एकाही सभासदाची हरकत आली नाही, असं कधी झालंय का हो कुठल्या सोसायटीत? तसं झालं तर आधी स्पेलिंग बघा.

दुसरी खोच, "सेंड मेल ॲज" मधे दोन-तीन आयडी असतील तर रिप्लाय-टू प्रत्येकाला वेगळं लावावं लागतं. एकाला लावलं म्हणजे सगळ्यांना लागलं असं नाही. त्याच पानावर, एकापेक्षा जास्त आयडी असले की, एक प्रश्न दिसतो, आलेल्या मेलला उत्तर देताना ज्या आयडीवर मेल आला त्याच आयडीवरून द्यायचं की नेहमी डीफॉल्ट आयडीवरून. हा पर्याय पहिल्यावर असला आणि मेल दुसऱ्याच आयडीवर आलेला असला, तर तुमचं उत्तर त्या दुसऱ्या आयडीवरून निघतं जिथे रिप्लाय-टू कोणी लावलेलंच नाही. "कधी लागतं, कधी लागत नाही" अशी तक्रार असली की मी सगळ्यात आधी हेच बघतो, आणि बऱ्याचदा इथेच सापडतं.

लावलं, टेस्टही झाली, तरी परत बिघडतं ते इथून

जुने धागे. लिफ्टवाल्याबरोबरचा मेलचा धागा मार्चपासून चालू आहे, तुम्ही रिप्लाय-टू जूनमधे लावलं. तो माणूस धाग्यातला कुठला मेल पकडून रिप्लाय दाबतो यावर सगळं अवलंबून. त्याने सर्चमधे "कोटेशन" टाकून मार्चचा मेल काढला आणि त्यालाच उत्तर दिलं तर त्या मेलच्या कपाळावर जुनाच पत्ता आहे, तो तिथेच जाणार, याला जगातलं कुठलंही सेटिंग उपाय नाही. अशा चालू धाग्यांना एकदा स्वतःहून नवा मेल टाका, नवा विषय, वर एक ओळ, की यापुढे या विषयाचं सगळं या आयडीवर पाठवा. कंटाळवाणं आहे पण व्हेंडर असतात किती, लिफ्ट, सिक्युरिटी, टँकर, पेस्ट कंट्रोल, ऑडिटर. एका बैठकीत होतं.

रिप्लायच न देणारे लोक. अर्धे लोक रिप्लाय दाबतच नाहीत, नवा मेल उघडून "से" टाइप करतात आणि यादीत पहिलं जे नाव येतं त्यावर टिचकी मारतात. ते नाव त्यांच्या फोनने जुन्या पत्त्यासकट लक्षात ठेवलेलं असतं. त्याला रिप्लाय-टू काय करणार, रिप्लाय झालाच नाही. यासाठी मेलच्या शेवटी सहीतच ऑफिसचा आयडी स्पष्ट लिहून ठेवा, आणि माणूस रोजचा असेल तर त्याला फोन करून जुना पत्ता खोडायला लावा, यापलीकडे इलाज नाही.

दुसरा ॲप. सेक्रेटरी घरी ब्राउझरमधे जीमेल वापरतात, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तोच आयडी आउटलुकमधे टाकलाय, आणि फोनवर फोनबरोबर आलेला मेल ॲप. मेल पाठवणारे तीन, आणि हेडर ज्याचं त्याचं. जीमेलच्या पानावर लावलेलं दुसऱ्या ॲपनेही पाळावं ही अपेक्षा ठेवू नका, जिथून जिथून मेल जातो तिथून तिथून एक-एक टेस्ट मेल पाठवा आणि तो बाण दाबून बघा. अंदाजाने बोलण्यात काही अर्थ नाही.

आणि हाताने केलेलं फॉरवर्ड. जुने सेक्रेटरी भले माणूस असतात, त्यांच्याकडे आलेला मेल ते इमानेइतबारे ऑफिसला फॉरवर्ड करतात. आता ऑफिसमधला माणूस त्यावर रिप्लाय दाबतो, आणि तो जातो परत जुन्या सेक्रेटरींनाच, कारण तो मेल आता त्यांचा. मग ते परत फॉरवर्ड करतात व्हेंडरला, व्हेंडर त्यांना उत्तर देतो, आणि निवडणूक होऊन वर्ष झालं तरी सोसायटीचा कारभार काकांच्या जीमेलमधूनच चालू. इथे रिप्लाय-टू नको, खरंखुरं ऑटो-फॉरवर्ड हवं. काकांच्या जीमेलमधे "फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप" मधे ऑफिसचा आयडी जोडायचा, ऑफिसच्या आयडीवर कोड येतो तो टाकायचा, आणि मग फिल्टर करून फक्त त्या व्हेंडरचे मेल तिकडे पाठवायचे. सगळे मेल पाठवू नका, काकांचे बँकेचे मेल मॅनेजरने वाचण्याचं कारण नाही. ऑटो-फॉरवर्डमधे फ्रॉम मूळ व्हेंडरचंच राहतं, त्यामुळे ऑफिसमधून रिप्लाय दाबला की बरोबर व्हेंडरला जातो.

आउटलुक, थंडरबर्ड, मॅक

क्लासिक आउटलुकमधे नवा मेल उघडल्यावर "ऑप्शन्स" टॅबमधे "डायरेक्ट रिप्लाइज टू" आहे. ते दाबलं की खिडकीत "हॅव रिप्लाइज सेंट टू" च्या रकान्यात तुमचं स्वतःचं नाव आधीच भरलेलं असतं, ते खोडून दुसरं टाकायचं. न खोडता पुढे अर्धविराम देऊन दुसरा आयडी जोडला तर उत्तर दोघांना जातं, काही ठिकाणी तेच हवं असतं. पण हे फक्त त्या एका मेलपुरतं, पुढच्या मेलला परत करावं लागतं, आणि माणूस विसरतो. पॉप किंवा आयमॅपने जोडलेलं अकाउंट असेल तर अकाउंट सेटिंगमधे रिप्लायच्या पत्त्याचा कायमचा रकाना मिळतो, कंपनीचं एक्स्चेंज अकाउंट असेल तर तो तिथे नसतो. थंडरबर्डमधे सगळ्यात सरळ, अकाउंट सेटिंग्जच्या पहिल्याच पानावर "रिप्लाय-टू ॲड्रेस", भरा आणि विसरा. मॅकच्या मेल ॲपमधे मेल लिहिताना "व्ह्यू" मेन्यूमधून रिप्लाय-टूचा रकाना दाखवता येतो, पण भरायचा आपणच.

वेबसाइटचा फॉर्म: इथे जीमेल खरंच रिप्लाय-टूकडे बघत नाही

हा प्रकार वेगळा आणि डोकं खाणारा. तुमच्या दुकानाची, क्लासची, होमस्टेची वर्डप्रेसची साइट आहे, त्यावर "संपर्क करा" फॉर्म. कोकणातल्या होमस्टेवाल्यांना हा त्रास नाताळच्या सीझनच्या तोंडावर आठवतो. ग्राहक फॉर्म भरतो, तुम्हाला मेल येतो, तुम्ही रिप्लाय दाबता आणि उत्तर जातं तुम्हालाच. ग्राहक वाट बघून दुसरीकडे बुकिंग करतो.

पूर्वी लोक सोपा उपाय करायचे, फॉर्मच्या सेटिंगमधे फ्रॉमलाच ग्राहकाचा आयडी टाकायचे. आता ते चालत नाही, कारण तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या याहू किंवा जीमेल आयडीच्या नावाने मेल पाठवतोय हे डीमार्क नावाची तपासणी पकडते. एप्रिल २०१४ मधे याहूने आपल्या आयडीसाठी हा नियम कडक केला, आपल्या नावाने बाहेरून आलेला मेल सरळ नाकारा, आणि तेव्हापासून असे फॉर्म एकामागून एक बंद पडले. म्हणून आता पद्धत अशी, फ्रॉममधे तुमच्या डोमेनचा आयडी आणि रिप्लाय-टूमधे ग्राहकाचा. डीमार्क फ्रॉम बघतं, रिप्लाय-टू कोणाचं का असेना त्याला घेणंदेणं नाही. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ वापरत असाल तर "मेल" टॅबमधे "ॲडिशनल हेडर्स" चा चौकोन आहे, तिथे इंग्रजीत Reply-To, मग कोलन (:) आणि मग चौकटी कंसात ग्राहकाच्या ईमेलच्या रकान्याचं नाव, एवढीच ओळ लागते. ते नाव फॉर्ममधल्या रकान्याच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळायला हवं, कोणीतरी फॉर्म नव्याने बनवताना रकान्याचं नाव बदलतं आणि ही ओळ तशीच जुनी राहते, ते एकदा तपासा.

आता हे सगळं बरोबर असूनही रिप्लाय स्वतःलाच का जातो? कारण मेल स्पॅममधे जाऊ नये म्हणून कोणीतरी साइट एसएमटीपीने, म्हणजे मेल पाठवायच्या जोडणीने, तुमच्या जीमेललाच जोडून दिलेली असते. मग काय होतं, मेल पाठवताना फ्रॉम म्हणून तुमचाच जीमेल आयडी लागतो, आणि तो मेल येतो त्याच जीमेलला. जीमेल बघतं, अरे हा तर यांनीच पाठवलेला मेल, म्हणजे वर टेस्टबद्दल सांगितलं तेच, आणि रिप्लाय-टू बाजूला ठेवून टूमधला पत्ता घालतं, तोही तुमचाच. बाण दाबून बघितलं तर रिप्लाय-टूच्या ओळीत ग्राहकाचा आयडी स्वच्छ दिसतो, म्हणून माणूस आणखीच वैतागतो की दिसतंय तर जात का नाही.

उपाय एकच, पाठवणारा आणि घेणारा हे दोन वेगळे असू द्या. डोमेनबरोबर मेलबॉक्स मिळालेला असतो तो पाठवायला वापरा आणि घ्यायला जीमेल, किंवा उलट. तो डोमेनचा आयडी जर जीमेलच्या "सेंड मेल ॲज" मधे जोडलेला असेल तर तिथे "एडिट इन्फो" मधे "ट्रीट ॲज ॲन एलियस" ची खूण काढून बघा, खूण असली की जीमेल तो आयडीही तुमचाच धरतं. आणि हे होईपर्यंत फॉर्मच्या मेलच्या मजकुरात ग्राहकाचा फोन नंबर आणि ईमेल दोन्ही छापून येऊ द्या, सीझनमधे सेटिंग सापडेपर्यंत कोण थांबणार.

एकाच वेळी सगळ्या सभासदांना मेल पाठवत असाल, गूगल शीटमधे नावं आणि ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे त्याच शीटला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, तर त्यात मेल पाठवायच्या फंक्शनला "रिप्लायटू" हा पर्याय देता येतो, तिथे ऑफिसचा आयडी लिहा, प्रत्येक मेलला आपोआप लागतो आणि कोणी विसरायचा प्रश्न नाही. फक्त साध्या जीमेल अकाउंटला स्क्रिप्टमधून दिवसाला १०० जणांनाच पाठवता येतं, त्यामुळे मोठ्या कॉम्प्लेक्सची नोटीस दोन दिवसांत विभागावी लागते, एजीएमची ३० सप्टेंबरची मुदत डोक्यावर असताना हे आयत्या वेळी कळलं तर पळापळ.

हो, आणि बाऊन्स. एवढे मेल पाठवले की काही परत येणारच, कोणाचा मेलबॉक्स भरलेला, कोणाचा आयडी बंद. ते परत आलेले मेल रिप्लाय-टूवर जात नाहीत, रिटर्न-पाथवर जातात, म्हणजे ज्या अकाउंटने पाठवले तिथेच. ऑफिसमधला माणूस म्हणतो सगळे पोचले, आणि न पोचलेल्यांची यादी सेक्रेटरींच्या इनबॉक्समधे पडून. हे बिघडलेलं नाही, असंच असतं, पण नोटीस पोचली की नाही यावरून पुढे वाद झाला तर तीच यादी लागते, म्हणून पाठवणाऱ्या अकाउंटमधे "डिलिव्हरी" शोधून बघायची सवय ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट. रिप्लाय-टूमधे फुकटातला जीमेल किंवा याहू आयडी आणि फ्रॉममधे भलतंच डोमेन, ही जोडगोळी स्पॅम फिल्टरांना खटकते, स्पॅमअसॅसिन नावाच्या फिल्टरमधे तर यासाठी वेगळा नियमच आहे. एकट्या त्यावर मेल स्पॅममधे जातो असं नाही, पण स्पॅम असल्याचे गुण वाढतात. जमलं तर दोन्ही आयडी एकाच डोमेनचे ठेवा.

खरं सांगायचं तर निम्म्या ठिकाणी रिप्लाय-टू हे औषधच चुकीचं असतं. जिथे दरवर्षी-दोन वर्षांनी माणूस बदलतो तिथे मेल मुळात व्यक्तीच्या आयडीवरून जायलाच नको. सोसायटीच्या नावाने एक आयडी काढा, पासवर्ड चौघांत वाटू नका, जीमेलमधे "ग्रँट ॲक्सेस टू युवर अकाउंट" आहे, त्यातून सेक्रेटरी, खजिनदार, मॅनेजर यांना आपापल्या जीमेलमधून तो मेलबॉक्स उघडता येतो, साध्या अकाउंटला १० जण जोडता येतात. कमिटी बदलली की नावं काढायची आणि नवी घालायची. अडचण एक, हे फोनपेक्षा कॉम्प्युटरवर वापरायला बरं, आणि आपल्याकडे कमिटीतले निम्मे लोक फोनवरच जगतात, त्यामुळे सगळीकडे पचेल असं नाही. तिथे मग रिप्लाय-टूच.

एकच माणूस आहे पण उत्तरं नीट वेगळी पडायला हवीत, असं असेल तर दुसरा आयडीही काढायला नको. जीमेलमधे आपल्या आयडीच्या नावापुढे, ॲटच्या आधी, अधिकचं चिन्ह देऊन काहीही शब्द लावला तरी मेल आपल्यालाच येतो. तो जोडलेला पत्ता रिप्लाय-टूमधे घाला, आणि त्या पत्त्यावर येणाऱ्या मेलला फिल्टर लावून लेबल द्या. मेंटेनन्सची उत्तरं मेंटेनन्सच्या लेबलमधे, बाकी आपलं बाकी.

आता याच सोयीची वाईट बाजू, कारण तो बाण दाबायची सवय लागलीच आहे तर. रिप्लाय-टू कोणीही काहीही लिहू शकतो हे वर आलंच. ठग लोक फ्रॉममधे चेअरमनचं किंवा ओळखीच्या व्हेंडरचं नाव लावतात, मजकूर असतो की आमचा बँक अकाउंट बदललाय, हे बिल नव्या खात्यात भरा, शंका असल्यास रिप्लाय करा. खजिनदार सावध असतात, रिप्लाय करून विचारतात, आणि तो रिप्लाय जातो ठगाने लिहिलेल्या रिप्लाय-टूवर, तिथून "हो हो बरोबर आहे" असं उत्तर येतं. म्हणजे खात्री केली, पण चोराकडेच. पैशाचा मेल असला की रिप्लाय दाबल्यावर टूमधे कुठला पत्ता आला तो पूर्ण उघडून वाचा, नुसतं नाव नाही, आणि खातं बदलल्याचं असेल तर आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करून विचारा, मेलमधे दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन लावा, पुढचे ट्रान्सफर व्हायच्या आत थांबवता आले तर तेव्हाच येतात.